माडीवरची पाणपोई

चैत्र सरत आला की पाटोद्याच्या बाजारपेठेत उन्हाळ्याची पहिली वर्दी पाणपोई देते. दुकानाच्या पायरीशी रांजण मांडला जातो, त्याभोवती ओले गोणपाट गुंडाळले जाते, वर स्वच्छ झाकण आणि बाजूला पेला ठेवला जातो. गच्चीच्या कठड्यावर चिमण्या-पारव्यांसाठी मातीच्या परळात पाणी भरले जाते. वाटसरू असो, बाजाराला आलेला शेतकरी असो वा मुका जीव असो, आपल्या दारातून तहानलेला जाऊ नये, हा व्यापारी कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संस्कार आहे. जीवदयेचे हे सर्वांत साधे आणि सर्वांत सुंदर रूप.

त्याच वेळी, त्याच दुकानाच्या वरच्या माडीवर ऐंशीच्या घरातील आजी खाटेवर पडून असतात. सकाळपासून त्यांच्या पोटात जेमतेम दोन पेले पाणी गेलेले असते. खालून सून विचारते, "बाई, पाणी आणू का?" वरून उत्तर येते, "नको गं, तहान नाही." सून आपल्या कामाला लागते. आजी खोटे बोललेल्या नसतात. त्यांना खरोखरच तहान लागलेली नसते आणि नेमका तेथेच धोका असतो.

हे चित्र कोण्या एका घराचे नाही. मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी वा मोठ्या व्यापारासाठी पुणे, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर येथे स्थिरावली. मागे दुकान, घर आणि वृद्ध आईवडील उरले. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे जणांच्या क्षमतेचा वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद आहे. तथापि पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गावी बहुसंख्य वृद्धांचे शुश्रूषागृह म्हणजे त्यांचे स्वतःचे घर, आणि परिचारिका म्हणजे त्यांची सून वा लेक. म्हणून उन्हाळ्यात वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकाने जी दक्षता घ्यावयाची, तीच येथे कुटुंबाला घ्यावी लागते.

वाढत्या वयाबरोबर शरीराच्या तीन यंत्रणा मंदावतात. मेंदूतील तहानेची जाणीव बोथट होते. शरीरातील पाणी कमी झाले तरी घसा ते सांगत नाही. घाम उशिरा आणि कमी येतो, त्यामुळे शरीर थंड होण्याचा मुख्य मार्ग अरुंद होतो. मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची शक्तीही घटते. यात औषधांची भर पडते. रक्तदाबासाठी वा पायांवरील सुजेसाठी दिलेली लघवीची गोळी शरीरातील पाणी बाहेर काढते. झोपेच्या आणि मानसिक आजारांवरील काही गोळ्या घाम आणि सावधपणा दोन्ही कमी करतात. या गोळ्या परस्पर बंद करणे हा दुसरा अपघात ठरेल. योग्य मार्ग एकच : मार्च महिन्यातच सर्व औषधांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि "उन्हाळ्यात यांतील कशाची मात्रा बदलावी लागेल? दिवसाला पाणी किती द्यावे?" हे दोन प्रश्न विचारून उत्तर लिहून घ्यावे. हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना अधिक पाणीही अपायकारक ठरू शकते, म्हणून हा आकडा डॉक्टरांनीच ठरवावयाचा.

वृद्धांच्या अल्प जलपानाला आणखी एक कारण असते आणि ते कोणत्याही वैद्यकीय तपासणीत दिसत नाही. शौचालय अंगणापलीकडे वा जिन्याखाली असते, गुडघे दुखतात, रात्री कोणाला हाक मारावी याचा संकोच वाटतो. मग आजी मनाशी हिशोब करतात : पाणीच कमी प्यावे, म्हणजे उठावे लागणार नाही. कित्येक घरांत हे गुपित वर्षानुवर्षे पाळले जाते. अशा घरात खाटेशेजारी कमोडची खुर्ची, भिंतीला धरण्यासाठी दांडी आणि रात्रभर जळणारा मंद दिवा, एवढी सोय झाली तरी पाण्याचा पेला आपोआप रिकामा होऊ लागतो. उष्णतेवरील उपाय कधी कधी असा शौचालयाच्या वाटेवर असतो.

उष्णता वृद्धांना किती निःशब्दपणे नेते, याचा सर्वांत मोठा धडा एका समृद्ध देशाने घेतला. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्णतेची लाट आली. तो तेथील सुट्यांचा काळ. कुटुंबे सहलीला गेलेली, अनेक डॉक्टर आणि परिचारिका रजेवर, आणि वृद्ध मंडळी घरी वा वृद्धाश्रमात. अवघ्या तीन आठवड्यांत नेहमीपेक्षा सुमारे १५,००० मृत्यू अधिक झाले आणि त्यांतील बहुतेक जण पंचाहत्तरीच्या पुढचे होते. पैसा होता, रुग्णालये होती, रस्ते होते. दारावर थाप मारून विचारणारा माणूस तेवढा नव्हता. या धक्क्यानंतर तेथे वृद्धाश्रमांसाठी स्वतंत्र उष्णता आराखडा सक्तीचा झाला. प्रत्येक आश्रमात किमान एक थंड खोली असावी आणि रहिवाशांना दिवसातील काही तास तेथे आणून बसवावे, हा त्यातील गाभा. या खर्चासाठी २००४ मध्ये वर्षातील एक दिवस 'ऐक्यदिन' म्हणून ठरवण्यात आला : कर्मचाऱ्यांनी एक दिवस विनावेतन अधिक काम करावे आणि मालकांनी वेतनखर्चाच्या ०.३ टक्के रक्कम वृद्ध व अपंगांच्या सेवेसाठी भरावी. उत्पन्नातील ठराविक अंश धर्मादाय खाती टाकण्याची परंपरा असलेल्या व्यापारी कुटुंबांना या कल्पनेचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही.

या उदाहरणातील 'एक थंड खोली' ही गोष्ट पाटोद्यातही सहज उचलता येईल. संपूर्ण घर थंड करणे बहुतेकांना शक्य नसते; एक खोली थंड ठेवणे शक्य असते. ती कोणती असावी? सर्वांत वरची तर नव्हेच. मराठवाड्यातील जुन्या वाड्यांवर मातीचे जाड माळवद असे. दिवसाचे ऊन खोलीत पोचायलाच संध्याकाळ होई. आता माळवदाची जागा स्लॅबने वा पत्र्याने घेतली आहे. पत्रा दुपारी भाजतो; स्लॅब दिवसभर ऊन साठवतो आणि रात्रभर ते खाली सोडत राहतो. म्हणून वरच्या खोलीत मध्यरात्रीही अंगाची लाही होते. अहमदाबादेतील एका रुग्णालयात प्रसूती कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर होता. तो खालच्या मजल्यावर हलवल्यानंतर उष्णतेमुळे आजारी पडणाऱ्या नवजात बालकांची संख्या लक्षणीय घटली. यंत्र आणले नाही, औषध बदलले नाही. केवळ मजला बदलला. जे नवजातांना लागू, ते वृद्धांनाही लागू. वैशाख-ज्येष्ठ हे दोन महिने आजी-आजोबांची खाट तळमजल्यावर, उत्तरेच्या वा पूर्वेच्या खोलीत आणावी, मग त्यासाठी मालाची दोन पोती हलवावी लागली तरी चालतील. गच्चीला पांढऱ्या चुन्याचा हात दिला तर खालची खोली काही अंशांनी थंड राहते. खिडकीच्या आतून लावलेल्या पडद्यापेक्षा बाहेरून सोडलेला वाळ्याचा वा गोणपाटाचा पडदा अधिक उपयोगी, कारण तो ऊन काचेवर पडण्यापूर्वीच अडवतो. सकाळी नऊनंतर खिडक्या बंद आणि रात्री बाहेरची हवा थंडावल्यावर उघड्या, हा क्रम पाळावा.

मात्र कूलर लावल्यास हा नियम उलटतो. बीड जिल्ह्याची उन्हाळी हवा कोरडी असते, त्यामुळे पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारा कूलर येथे उत्तम काम देतो. परंतु समोरची खिडकी थोडी उघडी नसेल तर खोलीत दमटपणा साचतो आणि गारवा नाहीसा होतो. केवळ पंख्यावर विसंबणेही पुरेसे नाही. खोलीतील पारा चाळिशीला टेकला की पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. अशा वेळी ओल्या पंचाने हात, मान, पाय पुसून मग वारा घ्यावा; पाणी वाळताना शरीरातील उष्णता घेऊन जाते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या गादीवर प्लॅस्टिकचे वा रबराचे कापड असेल तर त्यावर जाड सुती चादर अवश्य असावी आणि दर दोन तासांनी कूस बदलून पाठ पुसावी.

वीज गेल्यावर काय, हा प्रश्न आधीच सोडवून ठेवावा लागतो. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात चक्रीवादळाने वीजपुरवठा विस्कळीत झाला आणि एका शुश्रूषागृहातील वातानुकूलन बंद पडले. रस्त्यापलीकडे रुग्णालय होते, तेथे गारवा होता. तरीही रहिवाशांना वेळेत हलवले गेले नाही आणि १२ वृद्धांचे प्राण गेले. त्यानंतर त्या राज्याने प्रत्येक शुश्रूषागृहाला पर्यायी वीजव्यवस्था सक्तीची केली. घरगुती पातळीवर याचा अर्थ असा, की इन्व्हर्टरची पहिली जोडणी दुकानातील दिव्यांना नव्हे, तर वृद्धांच्या पंख्याला असावी. आणि चार तासांहून अधिक वीज गेली तर आजी-आजोबांना कोणाकडे न्यायचे, ते घर आधीच ठरलेले असावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी फ्रीज बंद पडल्यास बाटली कोरड्या डबीत बंद करून मातीच्या भांड्यात, बाहेरून ओले फडके गुंडाळून ठेवावी.

आता एका नाजूक, परंतु टाळता न येणाऱ्या विषयाकडे. अनेक वृद्ध श्रावक-श्राविका आयुष्यभर चौविहार पाळत आले आहेत. मे महिन्यात पाटोद्यात सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. नवकारशी येते सकाळी साडेसहाच्या पुढे. म्हणजे सुमारे साडेअकरा तास पाण्याचा थेंब नाही, आणि तेही भट्टीसारख्या तापलेल्या रात्री. काही घरांत यावरून रोज संध्याकाळी वाद होतो. क्वचित काही घरांत आजीला झोपेत, न सांगता पाणी पाजण्याचा प्रयत्नही होतो. हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. ज्या नियमाने एखाद्या जीवाला साठ वर्षे बळ दिले, तो नियम फसवून मोडणे म्हणजे शरीर वाचवताना मन दुखावणे होय.

मार्ग दोन आहेत. पहिला दिवसाच्या नियोजनाचा. सकाळी सातपासून सायंकाळी सहापर्यंत दर तासाला दीडशे मिलिलिटरचा एक लहान पेला दिला तर बारा पेले होतात, म्हणजे एक लिटर आणि आठशे मिलिलिटर. एकदम तांब्याभर पाणी वृद्धांना जात नाही. लहान पेला जातो. उकळलेले पाणी परातीत निववून आदल्या वेळीच तयार ठेवले तर "गरम पाणी घशाखाली उतरत नाही" ही तक्रार राहत नाही. दुपारी ताक, कैरीचे पन्हे, लिंबाचे सरबत हेही हिशोबात धरावे. मधुमेह असेल तेथे साखर वगळून, आणि रक्तदाब वा हृदयविकार असेल तेथे मीठ बेताने. दुसरा मार्ग परंपरेनेच दाखवलेला आहे. चौविहाराबरोबर तिविहारही आहे. त्यात रात्री आहार नाही, परंतु पाण्याची मोकळीक आहे. प्रत्याख्यानात आगार, म्हणजेच सवलती, पूर्वाचार्यांनी विचारपूर्वकच ठेवल्या आहेत. उन्हाळ्याचे दोन महिने चौविहाराऐवजी तिविहार घ्यावा काय, हा प्रश्न घरातील तरुणांनी आजीला ऐकवण्यापेक्षा आजीने स्वतः गुरुभगवंतांना विचारावा आणि डॉक्टरांचा अभिप्राय त्यांच्यासमोर ठेवावा. मुलाने सांगितलेले 'मोडणे' वाटते; गुरूंनी सांगितलेले 'पाळणे' वाटते. वर्षीतपाची आराधना करणाऱ्या ज्येष्ठांबाबत तर हा विचार अधिकच अगत्याचा, कारण अक्षय तृतीयेच्या पारण्यापूर्वीचे शेवटचे उपवास नेमके चैत्र-वैशाखाच्या उन्हात येतात.

व्यापाऱ्याच्या घरात रोजमेळ लिहिल्याशिवाय दिवस संपत नाही. शंभर रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत मुनीम उठत नसे. तीच शिस्त आजीच्या खाटेजवळच्या एका साध्या वहीत यावी. तीन रकाने पुरतात : पाण्याचे पेले किती झाले, लघवी किती वेळा आणि कोणत्या रंगाची झाली, सकाळचे वजन किती भरले. लघवीचा रंग गडद पिवळा झाला की जमा कमी आणि खर्च अधिक, हे ओळखावे. वजन ही तर सर्वांत प्रामाणिक नोंद. एका दिवसात वजन एक किलोने घटले तर ती चरबी नव्हे, जवळजवळ एक लिटर पाणी गेलेले असते. दुकानात रोज वापरला जाणारा काटा घरातल्या माणसासाठीही वापरावा. वजन अकस्मात वाढून पाय सुजले, तर तीही सूचनाच, डॉक्टरांना कळवावे. परगावी असलेल्या मुलाने रात्री दूरध्वनीवर "आई, कशी आहेस?" असे विचारले तर उत्तर नेहमीच "बरी आहे" असे येते. "आज पेले किती झाले?" असे विचारले तर उत्तर आकड्यात येते आणि आकडा लपत नाही.

काही लक्षणे दिसली की वही बाजूला ठेवून धावावे लागते. चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पायांत गोळे येणे, विलक्षण थकवा ही पहिली घंटा. अशा वेळी गार जागी निजवून, कपडे सैल करून, घोट घोट पाणी वा ओआरएस द्यावे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा असावा आणि हे पाणी चोवीस तासांत संपवावे वा टाकून द्यावे. परंतु वृद्ध व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, ओळख विसरू लागली, अंग तापून कोरडे पडले वा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. शरीराचे तापमान तेव्हा ४० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे १०४ अंश फॅरनहाइटच्या, पुढे गेलेले असू शकते. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत थांबून न राहता अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा. मान, काखा आणि जांघेत ओल्या गार घड्या ठेवाव्यात. तापाची गोळी येथे काम करत नाही. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. ते फुप्फुसात जाते. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, या समजुतीला आधार नाही. तेव्हा कांदा वर्ज्य असलेल्या घरांनी त्याची उणीव मुळीच मानू नये.

येथे एक वाक्य विशेष सावधगिरीने ऐकावे लागते. "वय झाले, आता असेच काहीतरी बोलतात." माणूस कालपर्यंत नीट बोलत होता आणि आज दुपारी बरळू लागला, तर तो वयाचा दोष नसतो, वय एका दुपारीत वाढत नाही. या एका वाक्याने मौल्यवान अर्धा तास वाया जातो.

कुटुंबाइतकीच ही जबाबदारी समाजाचीही आहे. पाटोदा तालुक्यातील अनेक वस्त्यांतील कर्ती माणसे ऊसतोडीला जातात आणि वृद्ध मागे राहतात. ते याच बाजारपेठेचे ग्राहक असतात. याच तालुक्याच्या डोंगरात मांजरा उगम पावते, आणि त्याच मांजरेवरचे धरण कोरडे पडल्याने २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे कोणी विसरलेले नाही. टंचाईच्या दिवसांत घरातील वृद्ध स्वतःच्या वाट्याचे पाणी सर्वांत आधी कमी करतात, न सांगता. म्हणून प्रत्येक स्थानक, मंदिर वा मंडळाने आपल्या गल्लीतील एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी करावी, मग ते कोणत्याही समाजाचे असोत. प्रत्येक नावापुढे एका तरुणाचे नाव असावे, आणि त्याने उन्हाळाभर दुपारी तीन वाजता एकदा दार वाजवून यावे. सामाजिक सभागृह दुपारी बारा ते पाच ज्येष्ठांसाठी उघडे राहिले, तेथे कूलर, पाणी आणि बसायला गाद्या असल्या, तर फ्रान्सने कायद्याने उभी केलेली थंड खोली पाटोद्यात स्वेच्छेने उभी राहील. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही शासकीय साहाय्यवाहिनी आहे. तो क्रमांक प्रत्येक घरात दूरध्वनीजवळ ठळक अक्षरांत लिहिलेला असावा.

दाराबाहेरची पाणपोई कोणी विचारण्याची वाट पाहत नाही; ती उभी असते आणि तहानलेला आपण होऊन येतो. माडीवरची पाणपोई मात्र उलट आहे. तेथे तहानलेल्याला आपली तहान कळत नाही आणि उठवतही नाही. म्हणून तेथे पाण्यालाच चालत जावे लागते, दर तासाला, पेला हातात घेऊन. यंदा रांजण भरताना घरातील धाकट्या नातवाच्या हाती एक पेला द्यावा आणि त्याला माडीवर पाठवावे. वहीतील पहिली नोंद त्याच्याच हस्ताक्षरात होऊ द्यावी.